आपलाच पडदा नापास करणाऱ्या बाई

कराडला प्राध्यापक म्हणून रुजू झालो त्याच दिवशी डॉ. मालतीबाईंनी माझ्यापुढे पाण्याचे तीन ग्लास ठेवले. "यातलं कारखान्याचं सांडपाणी कोणतं?" तिन्ही निवळशंख. मी अंदाजाने मधल्यावर बोट ठेवले. "तिन्ही!" बाई म्हणाल्या. "दिसण्यावर जाऊ नका. पाण्यातलं जस्त कुठं गेलं, ते आधी विचारा." बाईंबरोबर काम करताना पुढे हा प्रश्न मला झोपेतही ऐकू येऊ लागला.

धातू अडवणारा बारीक छिद्रांचा पडदा, म्हणजे मेंब्रेन, तयार करण्यात बाईंची उमेदीची वर्षे गेली. मलकापूरच्या हणमंतरावांनी फौजेतून परतल्यावर लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याचा कारखाना काढला होता. सांडपाण्यापायी त्याला टाळे लागले. पाणी सुधारल्याशिवाय ते निघणार नव्हते. आता बाईंचा पडदा तिथे बसणार आणि त्यांचे नाव होणार, असे आम्ही सगळे धरूनच चाललो होतो.

बाईंनी मात्र चुना, रेझिन आणि पडदा हे तिन्ही उपाय त्याच पाण्यावर करून पाहिले. चुन्याने जस्त गाळात बसत होते, थोडे मागे राही. रेझिनचे मणी तेवढे टिपून घेत, पण सगळाच भार त्यांना पेलवेना. पडद्याने पाणी उत्तम दिले, पण तेलकटपणाने तो वारंवार तुंबू लागला. बाईंनी सर्वांसमोर निकाल दिला, "आधी चुना, मग रेझिन. गाळ रीतसर विल्हेवाटीला. माझा पडदा इथं नापास."

हणमंतराव चक्रावले. "आवं बाई, पोटच्या पोरीला कुणी नापास करतं व्हय?"

"पोरगी माझी, पण नांदायचंय तुमच्या घरी. तिथं तिचा निभाव लागायला नको?"

टाळे निघाले. चुना कालवणाऱ्या शालनताईंना बाईंनी स्वतः शेजारी उभे राहून काम शिकवले. त्या आजारी पडल्या तेव्हा पदर खोचून बाईच चुना कालवत होत्या. इतक्या मोठ्या मनाच्या विदुषीचा सहकारी म्हणवून घेताना माझी मान ताठ होते.

पडद्यावरचे काम बाईंनी सोडले नाही. यंदा सांगलीच्या एका कारखान्यात, तेलाचा अंश नसलेल्या पाण्यावर, तो तिन्ही उपायांत सरस ठरला आणि बसलाही. पहिला फोन हणमंतरावांचा.

"बाई, लेक नांदायला गेली म्हनं! लय बरं वाटलं बगा."

एरवी कुणाचे न ऐकणाऱ्या बाईंनी त्या दिवशी डोळे पुसले.

पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरही त्या रोज प्रयोगशाळेत येतात. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि त्या लेकीचे हे माहेर असेच गजबजलेले राहो.