गादी सोडून चटई

आमच्या घराण्याने पिढ्यानपिढ्या गादीची सेवा केली आहे. हे वाक्य धारच्या माझ्या आत्याबाई अशा सुरात म्हणतात की ऐकणाऱ्याने उभं राहावं. सेवा म्हणजे संस्थानच्या घोड्यांना चंदी पुरवण्याची व्यवस्था होती, असं मी एकदा सांगून पाहिलं. त्यांनी मला चहा दिला नाही. घोडे गेले, संस्थान गेलं, आणि गादी म्हणजे आमच्या देवासच्या घरात फक्त कापसाची उरली. बायकोच्या मणक्याची चकती सरकल्यापासून ती त्याच एका गादीवर, त्याच एका लाकडी दिवाणावर झोपते. दोन वर्षांत ती दुसरीकडे कुठेही रात्र राहिली नव्हती. लग्नकार्यालासुद्धा जेवून परत.

या हिवाळ्यात तिच्या योगवर्गाने मांडूजवळ तंबूत एक रात्र राहायचं ठरवलं, नवऱ्यांसकट. वर्गाचे गुरुजी रातोरात 'अभियान प्रमुख' झाले. फोनवरच्या सूचनांखाली ते तशी सही करू लागले. सूचना अशी होती की रस्त्यापासून मुक्कामापर्यंत तासभर चालायचं आणि आपलं अंथरूण आपणच वाहायचं. बायकोला मात्र त्यांचा वेगळा फोन आला.

"काकू, तुम्ही चालू नका. जीपमध्ये तंबूंचं सामान जाणारच आहे, त्यात आरामात या."

"मी सामान नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

एवढाच प्रश्न होता. तिला पाठीवर वाहता येईल इतकी हलकी आणि पाठ टेकता येईल इतकी जाड चटई मिळाली तर ती चालत जाणार होती. नाही मिळाली तर जाणारच नव्हती. जीपचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

मी इंटरनेटवर शोधायला बसलो आणि माझा रक्तदाब वाढला. या धंद्याचा नियम असा, की वजन जितकं कमी तितकी किंमत जास्त. या हिशेबाने नसलेली चटई सर्वांत महाग पडायला हवी. एका चटईच्या वर्णनात हिमालय होता, स्वातंत्र्य होतं, स्वतःचा शोध होता. ती किती जाड आहे हे कुठेच नव्हतं. दुसरी फुगवायची होती. तिच्याबद्दल एका ग्राहकाने लिहिलं होतं की पहाटेपर्यंत ती सतरंजी होते. ज्या किमतीत माणसाला जमिनीवर झोपायला सांगत होते, त्या किमतीत आमच्या गावात पलंग मिळतो, घरपोच.

शेवटी आम्ही बाजारात गेलो. तिथे मी मराठी माणसाने माळव्यात करायची ती चूक केली.

"भिया, एक हलकी चटाई दिखाओ."

दुकानदाराचा चेहरा उतरला. "साब, हलका माल अपन रखते ही नी."

हलकं म्हणजे वजनाला, हे त्याला समजावता समजावता मी आणखी खोलात गेलो. त्याने नोकराला ओरडून सांगितलं, "साब को भारी वाली दिखा!" आणि दोघांनी मिळून एक रबरी लादी आणली. तिच्यावर म्हैस बांधता आली असती.

"उठाके देखो, वजन देखो!"

"वजनच तर नको आहे हो," बायको मराठीतच म्हणाली.

"बेनजी, वजन नी तो चीज क्या?"

मला राग आला तो या प्रश्नाचा. या देशात लग्नपत्रिकेपासून सत्काराच्या शालीपर्यंत सगळं वजनावरच चालतं, मग चटईने काय घोडं मारलंय! मी भाषणाच्या तयारीत होतो, पण बायकोने कोपऱ्यात उभ्या केलेल्या फोमच्या घडीच्या चटया पाहिल्या होत्या. एका बाजूला चंदेरी कागद, एका हाताने उचलता येतील अशा.

"वो तो ट्रकवाले ले जाते हैं," दुकानदार ओशाळून म्हणाला. "हलकी है."

बायकोने त्यातली पातळ चटई फरशीवर उलगडली, चप्पल काढली आणि आडवी झाली.

"अरे बेनजी! ग्राहक आ रहे हैं!"

"तो मैं कौन हूँ?" खालून आवाज आला.

दारातून आत आलेला एक सद्गृहस्थ घाबरून म्हणाला, "पानी लाओ, काकी को चक्कर आ गया."

"चक्कर नी आया. चटाई ले रही हूँ."

ती डाव्या कुशीवर वळली, कारण दुखतं ते तिकडे. कमरेचं हाड फरशीला लागलं. ती उठली, जाड चटई उलगडली आणि पुन्हा आडवी झाली. आता दुकानात बरीच माणसं होती आणि सगळी माझ्याकडे पाहत होती, जणू मीच तिला पाडलं. ज्या देशात साडी खांद्यावर टाकून आरशात पाहतात, टरबूज कापून दाखवायला लावतात, तिथे झोपायची वस्तू झोपून पाहिली तर माणूस आजारी ठरतो.

"ही," ती म्हणाली. हाड लागलं नव्हतं. किंमत मी इंटरनेटवर पाहिलेल्या कुठल्याही स्वातंत्र्यापेक्षा कमी होती. मी माझ्यासाठी घेतली नाही, घरी सतरंजी होती.

मांडूला जाताना वाटेत धारला आत्याबाईंना भेटायला थांबलो. बायकोच्या पिशवीवर बांधलेली चटई पाहून त्यांनी पदर डोक्यावर घेतला.

"कोण गेलं?"

आमच्याकडे गादी सोडून चटईवर निजतात ते सुतकात. कोणी गेलं नाही, आम्हीच मांडूला जातोय, हे सांगितल्यावर त्या जास्तच गंभीर झाल्या. "खानदानी घरातली सून भुईवर निजणार? आणि तू नेतोस?"

"मी नेत नाही, आत्याबाई. ती स्वतःच वाहतेय."

रस्ता सोडून मुक्कामाकडे चालायला लागलो तेव्हा प्रमुखांनी जीपचं दार उघडून धरलं. बायको त्यांच्याकडे न बघता पुढे गेली. चढावर दोनदा थांबली, पिशवी खाली ठेवली नाही.

सूर्योदयापूर्वी प्रमुखांनी शिट्टी वाजवली. सगळे कड्याकडे निघाले. सतरंजीवर प्रत्येक खड्याची ओळख झाल्यामुळे मी आधीच जागा होतो.

"काकूंना उठवा," प्रमुख म्हणाले. "असा सूर्योदय आयुष्यात एकदाच दिसतो!"

"देवासला रोज होतो," मी म्हणालो आणि तंबूत डोकावलो.

ती डाव्या कुशीवर होती आणि घोरत होती.