बाण नेहमी बारक्याच्याच दारात

घरात काहीही फुटलं तरी पहिला प्रश्न ठरलेला असायचा: बारक्या कुठे आहे? पुढे बारक्या चौकटीला डोकं आपटेल एवढा उंच झाला, थोरल्या बहिणीच्या दोन खोल्यांच्या सॉफ्टवेअर कंपनीत भागीदार झाला, पण त्या प्रश्नाने काही त्याची पाठ सोडली नाही. ताई कामाला वाघ, त्यात वाद नाही. पण प्रोग्राम अडला की बाईसाहेबांची नजर आधी शेजारच्या खोलीकडे वळायची आणि मग स्क्रीनकडे.

त्या आठवड्यात त्यांनी बनवलेली दातांच्या दवाखान्याची वेबसाइट वेड्यासारखी वागत होती. शनिवारचे पेशंट शुक्रवारीच गाल धरून दारात हजर. तारखांचा सगळा कोड बारक्याने लिहिलेल्या लायब्ररीत, म्हणजे कुठेही जोडता येईल अशा तयार कोडच्या संचात, तेव्हा ताईच्या लेखी आरोपी सापडलेलाच होता. या वेळी बारक्या भांडला नाही. शांतपणे म्हणाला, "एका मोठ्या कंपनीने मला नोकरी देऊ केलीय, संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय. हेही माझ्याच नावावर जाणार असेल, तर मी तिकडे जातो."

ताईने हातातला माउस सोडला. तोंडाने फटकळ, पण भावावर तिचा फार जीव. ते बोलून दाखवायचं मात्र तिला आजवर जमलं नव्हतं. ती नुसती खुर्ची सरकवून त्याच्या शेजारी येऊन बसली.

आपण लिहिलेला कोड ब्राउझरकडे जातो तो कम्पाइल होऊन, पार पिळून-चेपून. म्हणून त्याच्यासोबत सोर्स मॅप नावाचा नकाशा असतो; हा तुकडा मुळात कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीतला, ते तो सांगतो. ताईने वेबसाइट चालू करून तारीख बिघडते तिथे प्रोग्राम थांबवला. डीबगरचा, म्हणजे चुका शोधायच्या साधनाचा, बाण थेट बारक्याच्या फाइलवर जाऊन उभा राहिला. ताईने नुसत्या भुवया उडवल्या. त्यात काय ते आलं.

बारक्या मात्र बघत राहिला आणि त्याला हसू फुटलं. बाणाच्या ओळीवर कोडच नव्हता. तिथे त्याने स्वतःसाठी लिहिलेली टीप होती: 'ताईला विचारणे.' आता टीप काही कोडसारखी चालत नाही, मग प्रोग्राम तिच्यावर थांबेल कसा? म्हणजे नकाशा भलत्याच कोडचा होता. त्याने लायब्ररी नव्याने कम्पाइल केली, तरी बाण जागचा हलेना.

लायब्ररी ताईच्या प्रोजेक्टला लिंक केलेली होती, म्हणजे प्रत न काढता सरळ बारक्याच्या फोल्डरमधून घेतलेली. निदान त्याची तशी समजूत होती. उघडून पाहतात तर लिंकचा पत्ताच नाही. तिथे लायब्ररीची एक जुनी प्रत आरामात पडलेली.

ताईचे कान लाल झाले. याचे रोजचे बदल कोण निस्तरणार, म्हणून तिनेच कधीतरी लिंक काढून तात्पुरती प्रत ठेवली होती. वर त्या कम्पाइल झालेल्या कोडमध्येच हाताने तारखेची एक किरकोळ दुरुस्ती केली होती. तीच पेशंटांना भोवत होती. नकाशात पत्ता मात्र अजून बारक्याच्या फोल्डरचा, त्यामुळे गोंधळ ताईचा आणि बाण भावाच्या दारात.

"चूक माझी आहे, बारक्या," ताई म्हणाली. "आणि तू जाऊ नकोस. मला करमणार नाही."

बारक्याने तिचा फोन तिच्यापुढे सरकवला. म्हणाला, "यातलं पहिलं वाक्य एकदा आईला सांग."

ताईने खरंच फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि काही हातचं न राखता सगळं सांगितलं. आईने नीट ऐकून घेतलं.

"तू नको त्याला पाठीशी घालूस," आई म्हणाली. "कुठे आहे तो बारक्या?"

दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. फोन तसाच चालू होता. ताईने ती प्रत पुसून टाकली, आणि मोठ्या कंपनीला नकार कळवायच्या आधी बारक्याने लिंक परत जोडून घेतली.