दोन ओळींची परवानगी

आवाज तुटायचा आणि मागे संगणकाच्या पंख्याची बारीक घरघर तेवढी उरायची. सदाशिव पेठेतल्या त्या खोलीत, निलगिरी तेलाच्या वासात, मला कवितेची गोडी लावणाऱ्या बाई खुर्चीत ताठ बसून असायच्या. दृष्टी गेल्यापासून संगणक त्यांना वाचून दाखवी. पण ओवीअखेरच्या दोन उभ्या रेघा आल्या की तो मुका होई. बाई चाचपडत कळ दाबत. पुढची ओवी. पुन्हा कळ.

वाचून दाखवणारा तो प्रोग्रॅम मुक्तस्रोत होता. जगभरातली माणसं सवडीने त्याची दुरुस्ती करत आणि ती सर्वांची होई. मी हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. एका रविवारी मला दोष सापडला. उपाय अवघा दोन ओळींचा. मात्र करारानुसार मी घरी, सुट्टीत लिहिलेली ओळसुद्धा कंपनीच्या मालकीची.

"तुमच्या संगणकात गुपचूप घालून देते," मी म्हटलं.

"आणि माझ्यासारख्या बाकीच्यांनी काय करायचं? चोरून नको गं. रीतसर आण."

रीतसर म्हणजे कंपनीचा विधी विभाग. तिथे गालिच्याचा दमट वास आणि अकरा पानांचा अर्ज. 'या योगदानाचा लाभ कोणत्या प्रतिस्पर्ध्यास होईल?' या रकान्यात मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'एका निवृत्त, अंध शिक्षिकेस.' अर्ज परत आला. शेरा होता, 'प्रतिस्पर्ध्याचा पत्ता जोडावा.'

मी विभागातल्या गृहस्थांना गाठलं. "अहो, दोनच ओळी आहेत."

"तीच तर अडचण आहे, मॅडम. दोन हजार असत्या तर न वाचता सही केली असती. दोन म्हटल्यावर वाचाव्या लागतात."

सात जणांनी वाचल्या. एकाने दुसऱ्या ओळीची खरोखर गरज आहे का, असं विचारलं. पेटंट मिळेल का, हे पाहण्यात तीन आठवडे गेले. मग त्या ओळी कागदावर छापून घेतल्या आणि खालच्या पांढऱ्या जागेत कुणी काही घुसडू नये म्हणून तिच्यावर तिरकी रेघ मारून सातही जणांनी सह्या केल्या. कवितेभोवतालची कोरी जागाही कवितेचीच असते, असं बाई शिकवत. तिचं इतकं कडक रक्षण मी प्रथमच पाहत होते.

"आलं का तुझं मान्यताप्राप्त काव्य?" बाई फोनवर विचारत. नंतर त्यांनी विचारणंच सोडलं. बोटं आखडली होती, कळ सापडत नव्हती. त्यांनी संगणक लावणंच बंद केलं होतं.

दहाव्या आठवड्यात परवानगी आली. प्रोग्रॅम सांभाळणाऱ्यांनी त्या ओळी त्याच दिवशी स्वीकारल्या. नवी आवृत्ती घेऊन मी पेठेत गेले. तो सपाट, पत्र्यासारखा आवाज दोन रेघांपाशी आला, क्षणभर थबकला आणि पुढच्या ओवीत शिरला. मग तिच्या पुढच्या. बाईंचे हात मांडीवर स्वस्थ होते.

मला राहवेना. सात सह्या, तिरकी रेघ, प्रतिस्पर्ध्याचा पत्ता... मी रंगवून सांगू लागले. बाईंनी चेहरा आवाजाकडेच ठेवून एक हात वर केला.

"गप."