उतरणाऱ्याला आधी उतरू द्या

दस्तगीरचाचांकडे चहाला बसलं की बोलताना एक कान चमच्याकडे ठेवावा लागायचा. चाचा स्टीलचा चमचा हातात धरून बसत. ग्लासवर एकदा टिंग वाजलं की बोलणाऱ्याने थांबायचं, दोनदा टिंग-टिंग झालं की पुढे चालू. एकतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होते ते, त्यातली बहुतेक सोलापूर-वैराग-बार्शी रस्त्यावर गेली. निवृत्त झाल्यावर घंटीची दोरी सुटली, सवय काही सुटली नाही. नवखा माणूस या टिंगटिंगीने गोंधळून जाई. आमच्या गल्लीला ती पाठ होती.

बसायची जागाही ठरलेली, दाराशेजारची. तिसरा माणूस आला की म्हणायचे, "आत सरका की, मागं लई जागा हाय." मागे म्हणजे चाचींचं स्वयंपाकघर, जिथे चाची खुद्द चाचांनाही उभं राहू देत नसत. आणि दारात येणारे-जाणारे समोरासमोर आले की चाचांचा आवाज चढायचा, "उतरणाऱ्याला आधी उतरू द्या, मग चढा." घराला रस्त्यावरून चढायला जेमतेम तीन पायऱ्या होत्या, पण शिस्त म्हणजे शिस्त.

नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. माणसं ते थांब्यावरून ओळखायचे. मी शबाना, पण जन्मापासून सोलापुरातच, म्हणून त्यांच्यालेखी मी 'डेपो'. माझं लग्न बार्शीच्या इम्तियाजशी झालं आणि तो आपोआप 'बार्शी' झाला. लग्नात त्याला मिठी मारून चाचा म्हणाले होते, "बार्शी, आमचा डेपो सांभाळा बरं का." घरी आम्ही सगळे दख्खनी बोलतो. चाचा मात्र कुणाला काही पटवायचं असलं की मराठीवर यायचे. "मराठीत माणूस पटकन सरकतंय," हा त्यांचा अनुभव.

निवृत्तीनंतर त्यांनी एक जगावेगळं काम अंगावर घेतलं. ज्या नवरा-बायकोचं काही केल्या जमत नाही, त्यांना कोर्टाची पायरी न चढता वेगळं व्हायला मदत करायची. आमच्यात दोघे राजी असतील तर काझीसाहेबांसमोर, साक्षीदार बसवून, लिहून वेगळं होता येतं. पण दोघे एकाच दिवशी, एकाच वेळी राजी असणं, हे किती अवघड असतं ते चाचांनाच ठाऊक. चार जोडपी त्यांनी अशी सुखरूप वेगळी केली. दोन जोडपी ऐन वेळी पुन्हा एकत्र नांदायला गेली. त्यांचा विषय काढला की चाचा नाराज व्हायचे, एवढी मेहनत फुकट गेली म्हणून.

'घटस्फोट' हा शब्द त्यांना मुळीच पसंत नव्हता. मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून त्याचा जाब मलाच विचारायचे. "घट हाय न्हवं त्यो? मग सावकाश खाली ठिवा की. स्फोट कशापायी?" मी व्युत्पत्ती सांगायला लागले की टिंग. थांबायचं.

पुढे तो घट माझ्याच डोक्यावर आला. इम्तियाज दारू पीत नव्हता, हात उगारत नव्हता. मीही कुणाशी भांडत नव्हते. माझी नोकरी सोलापुरात, त्याचं दुकान बार्शीत; मी नोकरी सोडेना, तो दुकान हलवेना. सात वर्षं शनिवार-रविवारी एस.टी.ने ये-जा करून आमच्याकडे एकमेकांशी बोलायला फक्त गाडीच्या वेळा उरल्या. तो वाईट असता तर लोकांना पटलं असतं. तो चांगला होता, म्हणून मला कुणी सोडायलाच तयार नव्हतं. मला एकच हवं होतं, या माणसाला शिव्या न घालता आणि त्याच्या न खाता या लग्नातून बाहेर पडायचं होतं.

तेच होईना. अब्बा म्हणत, "त्यानं तलाक दिला असं लिहू दे, नाहीतर कोर्टात उभा करतो." इम्तियाज म्हणे, तिने खुला मागितला असं लिहा. खुला म्हणजे बायकोने मागून घेतलेली सुटका. थोडक्यात, सोडलं कुणी, एवढ्यावर सगळं अडलं. अब्बा एका वकिलाला भेटूनही आले. ते ऐकलं त्या दिवशी मी चाचांच्या ओट्यावर जाऊन रडले. चाचांनी चमचा खाली ठेवला. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

"बार्शी काय म्हनतीय?" त्यांनी विचारलं.

"माझं नाव लावा म्हणतोय."

"आन् तुजे अब्बा त्याचं. दोगंबी उतरनार, आन् भांडान कशाचं, तर घंटी कुनी मारली."

पुढच्या रविवारी दुपारच्या नमाजनंतर त्यांनी सगळ्यांना बोलावलं. काझीसाहेब, अब्बा, इम्तियाज, मी, आणि गल्लीतले दोघे साक्षीदार. अब्बांनी तोंड उघडलं, टिंग. इम्तियाजने उघडलं, टिंग. मग चाचा म्हणाले, "खुला न्हाय, तलाक न्हाय. मुबारात लिवायची. दोगं मिळून म्हनत्यात, आमाला ऱ्हायाचं न्हाय. कुनी कुनाला सोडलं न्हाय. काझीसाब, हाय की न्हाय असं?" काझीसाहेबांनी मान हलवली, आहे. अब्बा खिडकीकडे बघत बसले. इम्तियाज बोटं मोडत होता. हो म्हणेना कुणीच.

इतक्यात पायऱ्यांवर बांगड्या वाजल्या. शेजारच्या ओट्यावर विड्या वळत बसणारी नरसव्वा हातात वाटी घेऊन दारात उभी होती. तिच्या घरी तेलुगू, बाहेर सगळ्यांशी मराठी. मघापासून या घरातून 'मुबारात, मुबारात' तिच्या कानावर पडत होतं, आणि तिने ते 'मुबारक' ऐकलं होतं. ती सरळ आत आली, माझ्या तोंडात चिमूटभर साखर घातली, मग इम्तियाजच्या. "लई चांगलं झालं अम्मा. कितवा म्हैना?"

काझीसाहेबांना ठसका लागला. चाचांनी तिला हळू आवाजात खरं काय ते सांगितलं. नरसव्वाने एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं, जरा विचार केला आणि म्हणाली, "मग भांडन मिटलं न्हवं? साखर तीच की." आणि वाटी अब्बांपुढे धरली.

आधी इम्तियाज हसला. मग मी. तोंडात साखर असताना आम्ही दोघे हसत सुटलो, दोन-तीन वर्षांत हसलो नव्हतो तेवढे. अब्बांच्या डोळ्यांत लगेच आशा उगवली. ते म्हणाले, "बघा, अजून जीव हाय त्यांच्यात." मलाही क्षणभर भीती वाटली, की आता परत बार्शीची गाडी.

टिंग. "जीव हाय म्हनूनच आत्ता लिवायचं," चाचा म्हणाले. "हसत हायती तवर उतरू द्या. म्होरल्या थांब्यापातूर न्हेलंत तर मारामारी करत उतरत्याल." त्यांनी इम्तियाजकडे बघितलं. "काय बार्शी?"

"लिहा, मुबारात," इम्तियाज म्हणाला. मीही म्हणाले. अब्बांनी वाटीतली चिमूटभर साखर उचलून तोंडात टाकली. चाचांनी ग्लासवर टिंग-टिंग केलं आणि काझीसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

सह्या झाल्यावर मी आणि इम्तियाज एकदमच उठलो. दारात अब्बा उभे होते, काय करावं ते न कळून. चाचा नेहमीपेक्षा हळू म्हणाले, "सरका. उतरणाऱ्याला आधी उतरू द्या." अब्बा बाजूला झाले. पायऱ्या उतरून तो स्टँडकडे गेला, मी घराकडे. पुढे त्याचं दुसरं लग्न झालं तेव्हा मी साखरेची पुडी पाठवली. वर्षभराने फोन करून म्हणाला, "नरसव्वाला सांग, आता विचारलंस तरी चालेल, कितवा महिना."

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. झोपेतच गेले, कुणालाही त्रास न देता. मी ज्यांना ज्यांना कळवलं त्यांत इम्तियाजही होता. तो मिळेल त्या एस.टी.ने दुपारपर्यंत आला. गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मे लोक त्यांच्या गाडीतून प्रवास केलेले, वैरागचे, बार्शीचे. ती चार जोडपीही आली होती, वेगवेगळी. आणि परत एकत्र नांदायला गेलेली दोनही आली होती, जोडीने.

जनाजा उचलायची वेळ झाली. खांदा द्यायला सगळेच पायऱ्यांकडे लोटले, आणि आतून जनाजा बाहेर निघेना. कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. मी समोरच्या ओट्यावर नरसव्वाशेजारी उभी होते. तेवढ्यात गर्दीतून मोठा आवाज आला, थेट चाचांच्या सुरात, "उतरणाऱ्याला आधी उतरू द्या."

इम्तियाज होता तो. बोलून तोच दचकला. पण लोक सरकले, दोन्ही बाजूंना, निमूट. चाचा त्या तीन पायऱ्या सावकाश उतरले. नरसव्वाने माझा हात धरला. इम्तियाजने डोळे पुसले, वर माझ्याकडे पाहिलं आणि खांदा द्यायला पुढे झाला.