देवराम गावितांची झुलती शेगडी

देवराम गावितांनी उमेदीची सगळी वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात बसच्या बॉड्या बांधण्यात घालवली. सुरगाण्याहून द्राक्षाच्या छाटणीला येणाऱ्या टोळीबरोबर ते नाशकात आले आणि परतीच्या जीपमध्ये बसायचे राहून गेले. कारखान्यात त्यांचा लौकिक एकच होता, त्यांनी बसवलेली वस्तू हलत नाही. सीट असो, काच असो की सामानाची फळी, गाडी घाटातले खड्डे खात वर्षभर धावून आली तरी देवरामभाऊंच्या कामातून खडखड ऐकू येत नसे.

फायबरचं काम येत असल्याने गंगापूर धरणावरच्या बोटी दुरुस्त करायला त्यांना बोलावणं येई. तिथेच त्यांना शिडाचा नाद लागला. निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी मांडव्याच्या एका माणसाची जुनी, पंचवीस फुटी शिडाची बोट विकत घेतली, ट्रेलरवरून कसारा घाट चढवून आणली आणि ओळखीच्या शेडमध्ये उभी केली. तिच्यात घर करायचं, दिवाळीनंतर ती समुद्रावर न्यायची आणि पावसाळा जवळ येईपर्यंत दोघांनी तिच्यातच राहत कोकण किनारा पाहायचा, असा बेत होता.

बेतातला ‘दोघांनी’ हा शब्द मात्र पुतळाबाईंच्या हातात होता.

“पोहता येत नाय त्याचं मला काय नाय,” त्यांनी नवऱ्याला सांगितलं, “पण रोज वडापाव खाऊन मी राहायची नाय. चालत्या बोटीत भाकरी करता आली तर येईन. नायतर तुम्ही जा, मी इथं टीव्ही बघते.”

एकट्याने जाण्यात देवरामभाऊंना गोडी नव्हती. ती आली नाही तर बोट विकून टाकायची, हे त्यांनी मनाशी ठरवलं आणि कामाला लागले.

कुजलेला प्लाय उपसून त्यांनी नवा घातला. दोन बिछाने, त्यांच्या खाली कप्पे, पाण्याच्या टाक्या बरोबर मध्यावर, छतावर सोलर. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर बोटीच्या पोटात साचायचा, म्हणून सिलिंडरला त्यांनी बाहेर वेगळी पेटी केली आणि पेटीला तळाशी बोटीबाहेर निघणारं भोक ठेवलं. शेवटी शेगडी बसवली. खाली रबर, चारही कोपऱ्यांना बोल्ट.

मदतीला येणारा वेल्डर गेणू ती हलवून थकला. “भाऊ, बोट बुडंल, पण ही शेगडी जागची हलायची नाय!”

“हलायलाच नको,” देवरामभाऊ समाधानाने म्हणाले.

सप्टेंबरात परवानगी काढून बोट धरणात उतरवली. पुतळाबाईंनी नागलीच्या पिठासाठी पाणी तापत ठेवलं. वर शिडात वारा भरला, बोट एका अंगावर कलली आणि तिच्याबरोबर शेगडीही कलली. पातेलं घसरून लवंडलं, ज्योत विझली, उकळतं पाणी पुतळाबाईंच्या पायाशेजारून वाहत गेलं. त्यांनी आधी गॅस बंद केला आणि मग काठाला लागेपर्यंत फडक्याने पाणी टिपत राहिल्या.

उतरल्यावर म्हणाल्या, “बस चांगली बांधली तुम्ही.”

शिडाची बोट कलते हे देवरामभाऊंना ठाऊक होतं. त्यांच्या हातांना ते ठाऊक नव्हतं. दुसरा कुणी असता तर वाऱ्याला दोष देऊन मोकळा झाला असता. यांनी शेडमध्ये येऊन स्वतः घट्ट आवळलेले बोल्ट सोडवायला घेतले. शेगडीला पुढे-मागे एकेक खीळ देऊन ती पाळण्यासारखी टांगली, म्हणजे बोट कोणत्याही बाजूला कलली तरी शेगडी सपाट राहील. पण भरलं पातेलं ठेवताच ती उलटली. मग त्यांनी खिळी वर घेतल्या, बुडाला जड लोखंडी पट्टी जोडली, आणि बसचा जॅक लावून बोटीची एक बाजू उचलून पुन्हा पाहिलं. पातेल्यातलं पाणी जागच्या जागी. खडखड ऐकली की पाना उचलणारा हा माणूस आता शेगडी सहज झुलावी म्हणून खिळींच्या बेअरिंगला तेल देत होता.

“भाऊ, ही तर लय हलती,” गेणू म्हणाला.

“हलू दे रे. तिचं तेच काम हाय.”

दुसऱ्या खेपेला वारा चांगलाच होता. पुतळाबाईंचे दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून देवरामभाऊंनी त्यांच्या कमरेला पट्टा बांधून तो भिंतीला अडकवला होता. बोट कलली, शेगडी हळूच झुलून सपाट झाली. पुतळाबाईंनी तिच्याकडे जरा वेळ संशयाने पाहिलं. मग उकड मळली, गोळा घेतला आणि सुरगाण्यात थापतात तशी भाकरी दोन तळव्यांवर थापत थापत मोठी केली. परात नको, पोळपाट नको. तव्याला बाजूने पट्ट्यांचा आधार होता. भाकरी टम्म फुगली.

सुकाणूवर बसलेल्या नवऱ्याच्या हातात अर्धी भाकरी देत त्या म्हणाल्या, “खाली धग लय कोंडती. वर झरोका पाडा. आन सुकटीचा डबा कुठं ठेवू? जागाच नाय.”

देवरामभाऊंचा घास तोंडातच राहिला. “म्हणजे तू येणार?”

“नायतर झरोका काय गेणूसाठी पाडायचा?”

देवरामभाऊंनी सुकाणूचा दांडा बगलेत दाबून धरला आणि समोरच्या छतावर झरोक्याची जागा वितीने मापायला घेतली.