डावीकडची मागची सीट

तारीख एकोणीस जुलै, वार बुधवार. रक्कम अडतीस हजार चारशे रुपये. हजर तिघे: मी, माझे वडील आणि गॅरेजवाल्या भाभी. सांगलीच्या वर्कशॉपने गाडीदुरुस्तीसाठी दिलेला त्या रकमेच्या अंदाजाचा कागद मी भाभींपुढे धरला. त्यांनी तो न वाचताच चहाच्या ग्लासाखाली सरकवला आणि नेहमीचं वाक्य म्हणाल्या, "रोज जिथं बसता तिथं बसा."

तासगावात ज्यांनी भाभींकडून गाडीचं वायरिंग करून घेतलं, त्यांना हे वाक्य पाठ असेल. बॉनेट उघडायच्या आधी त्या गिऱ्हाइकाला त्याच्याच गाडीत बसवायच्या. बागायतदार असो की डॉक्टर. मग कमरेवर हात ठेवून गाडीभोवती एक चक्कर. "मोकळी गाडी बिघडत न्हाई भाऊ. माणसं बसली की बिघडती."

त्यांचे यजमान गाड्यांच्या स्टार्टर मोटारीचं वाइंडिंग करायचे. ते गेल्यावर त्याच स्टुलावर भाभी बसल्या. बाईच्या हातात गाडी कोण देणार? लोक फक्त हॉर्न घेऊन यायचे. "दोन वर्सं मी हॉर्नवर काढली," त्या सांगायच्या. "गावातला एक हॉर्न मुका न्हाई ठेवला." यात बढाई नव्हती. आमच्या गल्लीतल्या कुणालाही विचारा.

आता माझी अडचण. गाडीत ब्रेकच्या एबीएसचा पिवळा दिवा लागायचा. दुसऱ्या दिवशी आपोआप जायचा, पुन्हा कधीतरी लागायचा. वर्कशॉपने मागच्या डाव्या चाकाचा सेन्सर बदलला. चार दिवसांनी दिवा परत हजर. मग ते म्हणाले, एबीएसचं अख्खं युनिट गेलंय, मागवायला तीन आठवडे लागतील.

तीन आठवडे आमच्याकडे नव्हते. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दर सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिससाठी सांगलीला न्यावं लागे. आणि आबा एकतीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते.

"ब्रेकचा दिवा लागलेली गाडी मी डेपोच्या भायेर काढली न्हाई कवा," ते म्हणाले. "आता तसल्या गाडीत बसू व्हय?"

मी समजावलं, साधा ब्रेक व्यवस्थित लागतो. फक्त ओल्या रस्त्यावर करकचून दाबला तर चाकं अडकून गाडी घसरू शकते.

"आन् पाऊस कुठल्या महिन्यात पडतो रं?"

सोमवारी भाड्याची गाडी आणली. तिचा ड्रायव्हर मोबाइलवर बोलत होता. आबा चौकातच उतरले आणि चालत घरी आले. त्या दिवशीचं डायलिसिस चुकलं. बुधवारपर्यंत त्यांचे पाय सुजले होते, बोलताना धाप लागत होती. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, गुरुवार चुकता कामा नये. शेवटी भाभींचं गॅरेज दोन गल्ल्या पलीकडे म्हणून मी गाडी हळूहळू तिथे नेली. आबा रिक्षाने आले, हा काय करतोय ते बघायला.

मी गाडीची वही ठेवतो. दिवा कधी लागला हेही त्यात लिहिलेलं होतं. अकरा नोंदी. वर्कशॉपमधल्या माणसाने ती वही हसून परत केली होती. मी स्टीअरिंगवर बसलो; भाभींनी ती बोट फिरवत दोनदा वाचली.

"सगळे सोमवार-गुरुवारच हैत की हे. त्या दिवशी गाडीत जादा कोण असतं?"

"आबा. मागे, डावीकडे."

"मग तुमी उठा. त्यास्नी बसवा."

आबांनी नकाराची मान हलवली. भाभींनी गाडीची चावी काढून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात टाकली. "आवं आबा, चावी तुमच्यापाशी. गाडी जातीय कुठं?"

डाव्या चाकाच्या वायरीच्या दोन्ही टोकांना त्यांनी मीटर जोडला होता. वायर अखंड असली की तो वाजत राहतो. तो वाजत होता. आबा वाकून आत शिरले, सीटवर टेकले, आणि आवाज बंद झाला.

"उठा आबा." मीटर वाजला.

"बसा." मीटर गप्प.

"माझ्यामुळं व्हय?" आबांचा चेहरा उतरला.

"तुमच्यामुळं न्हाई. तुमच्याखाली काय तरी हाय."

भाभींनी सीट उचलली. खाली बेदाण्याच्या खोक्याची फळी होती, आणि तिच्यातून निघालेल्या खिळ्याचं टोक वायरीत घुसलं होतं. आबा बसले की खिळा दाबायचा, आत तुटलेल्या तारा एकमेकींपासून सुटायच्या. उठले की परत टेकायच्या.

फळी मीच घातली होती. आबांना उठता-बसताना गुडघ्याला त्रास नको म्हणून सीट दोन इंच उंच केली होती. वहीत डिझेल आहे, हवा आहे, वायपरचं रबर आहे. फळी फुकट मिळाली म्हणून तिची नोंद नव्हती.

भाभींनी फळी उलटसुलट पाहिली. "उंची बराबर घेतलीसा भाऊ. खिळा तेवढा मोजला न्हाईसा."

आबा हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

वायरीचा खराब तुकडा कापून त्यांनी नवा जोडला, वर नळी चढवली, वायर बाजूला सरकवून बांधली. फळीच्या जागी ट्रॅक्टरच्या जुन्या सीटचा फोम कापून बसवला. उंची तीच, दोन इंच. मग भाभी स्टीअरिंगवर, मी शेजारी, आबा मागे. बेदाण्याच्या शेडपुढच्या मोकळ्या, ओल्या रस्त्यावर त्यांनी चाळीसच्या वेगाला करकचून ब्रेक दाबला. पेडलची घरघर, म्हणजे एबीएस चालू असल्याची खूण, मला बसल्या जागी ऐकू आली. गाडी रेघेत थांबली. दिवा लागला नाही.

"परत," आबा मागून म्हणाले.

दुसऱ्यांदाही गाडी रेघेत थांबली.

"आणि एकदा."

"आबा, टायर तुमच्या लेकाचं हैत," भाभी म्हणाल्या, आणि तिसऱ्यांदा दाबला.

गुरुवारी सकाळी माझ्या आधी आबा गाडीत जाऊन बसले होते. तेव्हापासून आबांच्या शेवटापर्यंत एकशे बारा फेऱ्या झाल्या. गाडीमुळे एकही चुकली नाही.

भाभी आता मिरजेला मुलीकडे असतात. त्यांच्या गाळ्यात आता दुसराच कुणी मोबाइलची कव्हरं विकतो. परवा गाडीत एक बारीक खडखड सुरू झाली, तेव्हा काहीही उघडण्याआधी मी मागे डावीकडे जाऊन बसलो. पुष्कळ वेळ बसलो.

वही अजून आहे. अकरा नोंदींखाली आबांनी त्या बुधवारी गॅरेजातच माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि डेपोत लिहीत तसं लिहिलं: "ब्रेक तपासले. ठीक. गाडी ताब्यात घेतली." खाली सही. तिच्याखालची ओळ माझी आहे: मजुरी तीनशे, फोम दीडशे, एकूण चारशे पन्नास रुपये. दिले आबांनी, पेन्शनमधून, भाभींच्या हातात.