वरचा आपो, खालचा आपो

शके अठराशे तीन. मी एकतीस वर्षांचा होतो, आणि ठाण्याच्या बंदरावरचा मनिलावाला माझ्या आजीला अन् माझ्या रांगत्या पोराला एकाच शब्दाने हाक मारायचा, "आपो!"

मनिलाच्या बेटांवरचा हा म्हातारा खलाशी. आजारी पडला तेव्हा जहाजाने त्याला मुंबईत टाकलं, तिथून तो आमच्या खाडीत आला. आमचा मिठाचा मचवा कल्याणपर्यंत जायचा, त्याचे दोर हा वळायचा.

आजी एकदा कडाडली, "मेल्या, मी आणि हे शेंबडं एकच का रे?"

"एकच, आजी. वरचा आपो, खालचा आपो. मधले आम्ही नुसते ओढणारे."

त्याच्या मुलखातले दोन खलाशी भेटायला आले तेव्हा मी अर्थ विचारला. एक म्हणाला, नातू. दुसरा म्हणाला, छे, आजी. आमचा म्हणाला, दोन्ही. शिवाय धनी आपो, अन् झाडातला पूर्वजही आपोच. तिघे हमरीतुमरीवर आले. मी सांगून टाकलं, हा शब्द म्हणजे आमचा आप्पाच, गलबतात बसून तिकडे गेला. मी दोनच इयत्ता शिकलो, पण आजही हेच म्हणतो.

मनिलावाला म्हणाला, "मालक, गलबतं नव्हती तेव्हाही आमच्या आया हाच शब्द बोलत होत्या."

त्याच खलाशांनी बातमी आणली होती. मागे राहिलेली त्याची लेक वारली, तिचं पोर आहे. आजाला त्याने पाहिलेलं नाही. मग मनिलावाल्याने एकच धरलं, परत जायचं. मुंबईला जाऊन जहाजांवर काम मागायचा, मान खाली घालून परत यायचा. म्हाताऱ्याला कोण घेतो?

भाद्रपदात त्याला ताप भरला. आमच्याकडे पितरांची पानं वाढत होती. तो पडल्या पडल्या बघत राहिला.

"आमच्यातही मेलेल्याला जेवण ठेवतात, मालक. नातू हाक मारून ठेवतो. मी मेलो हे त्याला कळलंच नाही, तर कोणासाठी ठेवील?"

आजी म्हणाली, "आम्ही ठेवू की रे."

"तुमचं गोड आहे, आजी. पण नातवाचं पोचतं."

मी दरडावलं, "गप पड. बरा हो, मीच तुला जहाजावर चढवतो. बघू कोण नाही म्हणतो!"

दुपारी तो गेला. तो किरिस्ताव, म्हणून तळ्याकाठच्या पाद्र्याने संध्याकाळच्या आत त्याला पुरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ओहोटीबरोबर मी रिकामाच मचवा मुंबईला नेला आणि गोदीतल्या एकेका जहाजाखाली उभा राहून ओरडत गेलो, "मनिलाकडचा कोणी आहे का रे?"